ऑटोपायलटचं हेडिंग रडार आणि प्लॉटरपर्यंत पोचवताना

बोट नांगरावर शांत उभी आहे आणि प्लॉटरवरचं, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावरचं, तिचं चिन्ह मात्र गरगर फिरतंय. जीपीएसला बोट कुठून कुठे सरकली एवढंच कळतं, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, कुणीकडे रोखलीय हे कळत नाही, म्हणून असं होतं. बोट चालती असली तरी हा प्रश्न सुटत नाही. सहा नॉटने जाणाऱ्या बोटीला बाजूने दोन नॉटचा प्रवाह लागला, तर जमिनीवरची तिची दिशा आणि नाळेची दिशा यांत सुमारे १८ अंशांचा फरक पडतो. अशा वेळी जीपीएसची दिशा हेडिंग (नाळेची दिशा) म्हणून वापरली, तर नकाशावर टाकलेलं रडारचं चित्र तेवढंच फिरलेलं दिसणार.

ऑटोपायलट, म्हणजे सुकाणू आपोआप हाकणारं यंत्र, असलेल्या बोटीवर हेडिंग मोजणारं होकायंत्र आधीच बसवलेलं असतं, आणि बहुतेक ऑटोपायलट (पुढे नुसतं ‘पायलट’) ते हेडिंग बाहेरही देतात. वायर जोडायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो तीन गोष्टी आधी न पाहिल्यामुळे: हेडिंग कोणत्या भाषेत येतंय, सेकंदाला किती वेळा येतंय आणि ते कोणत्या उत्तरेपासून मोजलेलं आहे.

पायलटच्या डब्यात काय आहे ते आधी पाहा

कोर्स कॉम्प्युटरचं, म्हणजे पायलटच्या मुख्य डब्याचं, झाकण उघडा आणि पुस्तिका शेजारी ठेवा. ‘एनएमईए आउट’ असं लिहिलेली दोन टर्मिनलं दिसली, तर तो एनएमईए ०१८३ आहे, म्हणजे बोटीवरच्या उपकरणांनी एकमेकांना डेटा पाठवायची जुनी पद्धत. पाच पिनांचा गोल कनेक्टर असेल, तर बहुधा त्याच कामाची नवी पद्धत, एनएमईए २०००. काही कंपन्यांची स्वतःची बसही, म्हणजे डेटा वाहणारी सामाईक केबलही, असते. रेमरीनच्या जुन्या सीटॉकमध्ये लाल, पिवळी आणि शील्ड अशा तीन वायरी असतात. त्याचाही वेग ०१८३सारखा ४८०० बॉडच (सेकंदाला ४८०० बिट) आहे, त्यामुळे पिवळी वायर थेट प्लॉटरच्या ०१८३ इनपुटला जोडायचा मोह होतो. पण सीटॉकचा डेटा नऊ बिटांचा असतो आणि त्यातली वाक्यंही (डेटाच्या ठरावीक ओळी) वेगळी असतात, त्यामुळे प्लॉटरला काहीच उमगत नाही. तिथे कन्व्हर्टरच लागतो. सीटॉक-एनजीचं तसं नाही. त्याचा कनेक्टर वेगळा असला तरी विजेच्या आणि डेटाच्या दृष्टीने तो एनएमईए २०००शी जुळतो, ॲडॅप्टर केबलने काम होतं.

फ्लक्सगेट, म्हणजे पायलटच्या इलेक्ट्रॉनिक, होकायंत्राकडून पायलटच्या डब्यात येणाऱ्या चार-पाच बारीक वायरींना मात्र हात लावू नका. त्यांत डेटा नसतो, कॉइलचे कच्चे सिग्नल असतात. तिथे फांदी काढली की प्लॉटरला काही मिळत नाहीच, उलट पायलटचं हेडिंग बिघडतं. म्हणजे सुकाणू हाकणाऱ्या यंत्रालाच आपण चुकीची दिशा शिकवतो.

समोरच्या उपकरणाला काय चालतं तेही बघून घ्या. फुरुनोचे काही जुने रडार हेडिंग एडी-१० या पद्धतीने घेतात. त्यात क्लॉक आणि डेटा अशा दोन जोड्या असतात. ०१८३ची जोडी तिथे लावून काही उपयोग नाही.

सेकंदाला दहा वेळा का

नुसतं नकाशावरचं चिन्ह नीट फिरवायचं असेल, तर सेकंदाला एकदा आलेलं हेडिंगही पुरतं. रडारला ते पुरत नाही. समजा बोट सेकंदाला सहा अंशांनी वळतेय आणि हेडिंग सेकंदाला एकदाच येतंय. नवा आकडा येण्याच्या आदल्या क्षणी रडारकडे सहा अंश शिळी दिशा असते. तीन सागरी मैलांवर एक अंश म्हणजे सुमारे ९७ मीटर आणि सहा अंश म्हणजे जवळजवळ ५८० मीटर. मिनिटाला २४ फेऱ्या घेणाऱ्या अँटेनाची एक फेरी अडीच सेकंदांची, म्हणजे त्या एका फेरीतच चित्राचे दोन-तीन तुकडे पडून ते एकमेकांपासून सरकतात. वळताना किनारा फाटल्यासारखा किंवा पुसटलेला दिसतो तो यामुळे. एआरपीए किंवा मार्पाने (रडारवरच्या लक्ष्यांचा माग ठेवणाऱ्या सोयीने) पकडलेली लक्ष्यं वळणात सुटतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं. म्हणून रडारसाठी १० हर्ट्झ, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी एक वाक्य, हे धरून चाला.

आता ही वाक्यं वायरीत मावतात का ते पाहू. ४८०० बॉडला एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. एचडीजी हे हेडिंगचं एक वाक्य साधारण असं असतं: डॉलरचं चिन्ह, मग एचसी एचडीजी, स्वल्पविराम, १०१.१, डेव्हिएशनच्या (बोटीतल्या लोखंडामुळे आणि विजेमुळे होकायंत्रात येणाऱ्या चुकीच्या) दोन रिकाम्या जागा, ७.१, डब्ल्यू, तारा आणि दोन अक्षरांचा चेकसम, म्हणजे वाक्य बरोबर पोचलं का ते तपासायची खूण. ओळ संपवणाऱ्या दोन अदृश्य खुणा धरून २५ अक्षरं झाली. दहा वेळा पाठवली की २५०, निम्म्याहून जास्त वायर भरली. एचडीएम आणि एचडीटी ही हेडिंगची आणखी दोन वाक्यं प्रत्येकी सुमारे १९ अक्षरांची. तिन्ही चालू ठेवून १० हर्ट्झ मागितले, तर सेकंदाला ६३० अक्षरं होतात आणि वायरीत मावतात ४८०. मग पायलट वाक्यं गाळतो किंवा वेग आपोआप उतरवतो, आणि मेनूत १० हर्ट्झ दिसत असूनही प्रत्यक्षात चार-पाचच मिळतात. हेडिंगचं एकच वाक्य चालू ठेवा, बाकीची बंद करा. हेडिंगच्या जोडीवर जीपीएस, वारा, खोली यांची गर्दीही नको. एआयएसचा (जहाजांची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्रणेचा) डेटा ३८४०० बॉडचा असतो, त्याची जोडी वेगळीच ठेवा.

ही सेटिंग बहुधा इन्स्टॉलेशन किंवा डीलर मेनूत लपवलेली असते, आणि हेडिंग आउटपुट मुळात बंद असण्याचीही शक्यता असते. आधी मेनू बघा, पक्कड नंतर घ्या.

०१८३ची जोडणी

०१८३मध्ये बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक. पायलटच्या आउट-ए आणि आउट-बी वायरी प्लॉटरच्या इन-ए आणि इन-बीला जातात. कुठे ए-बीऐवजी अधिक-उणे लिहिलेलं असतं, त्यात ए म्हणजे अधिक. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. एका कंपनीत जो रंग आउटचा असतो, तोच दुसरीत इनचा निघतो.

जुन्या उपकरणांना आउटची एकच वायर असते आणि परतीची वाट ग्राउंडमधून जाते. बोलणारा असा असेल, तर त्याची आउट वायर ऐकणाऱ्याच्या ए-ला जोडा आणि ऐकणाऱ्याची बी बोलणाऱ्याच्या ग्राउंडला. उलट परिस्थितीत, म्हणजे बोलणाऱ्याकडे ए आणि बी दोन्ही आहेत पण ऐकणाऱ्याकडे इन आणि ग्राउंड एवढंच आहे, तेव्हा ए जाते इनला आणि दोघांची ग्राउंडं एकत्र येतात. मग बी-चं काय करायचं? टोकावर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि ती मोकळी सोडा. बी ग्राउंडला जोडणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. बी हेही आउटपुटच आहे, ते ग्राउंडला टेकवलं की पायलटच्या ड्रायव्हर चिपचा शॉर्ट होतो. कधी लगेच जळते, कधी महिनाभर चालून.

एका आउटपुटवर तीन-चार ऐकणारे समांतर लावता येतात. ते सगळे ऑप्टोकपलरने (प्रकाशातून सिग्नल पोचवणाऱ्या भागाने) विजेच्या दृष्टीने अलग केलेले असावेत. त्यापुढे बफर, म्हणजे सिग्नलला जोर देऊन वाटणारा डबा, वापरा. दोन बोलणारे मात्र एकाच जोडीवर कधीच लावू नका. दोघांची वाक्यं एकमेकांत घुसतात, चेकसम जुळत नाही आणि ऐकणारा सगळं टाकून देतो. तिथे दोघांची वाक्यं एकामागून एक पाठवणारा मल्टिप्लेक्सर हवा, आणि त्याच्या आउटपुटचा वेगही भरणाऱ्या अक्षरांना पुरायला हवा.

केबल पीळ दिलेल्या जोडीची, शील्ड असलेली आणि कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. जाडी ०.५ चौरस मिलिमीटर पुष्कळ झाली. शील्ड एकाच टोकाला, बोलणाऱ्याच्या बाजूला जोडा. दुसऱ्या टोकाला ती कापून झाका. दोन्ही टोकं जोडली तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका. टर्मिनल ब्लॉक लावा, वायरींना फेरूल (टोकावरची धातूची टोपी) चढवा आणि ब्लॉकच्या खाली वायरीला झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी ब्लॉकमध्ये शिरणार नाही. ही केबल सुकाणूच्या मोटारीच्या किंवा हायड्रॉलिक पंपाच्या जाड वायरींबरोबर बांधू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

एनएमईए २००० असेल तर

इथे वायरींचा घोळ कमी, पण शिस्त जास्त. सगळी उपकरणं एका मुख्य केबलवर टी-कनेक्टरने लटकतात. त्या केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर असतात, दोनच. वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या डेटाच्या दोन वायरींमध्ये मीटर लावला तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही, ४० आले तर तिसरा कुठेतरी लपलाय. बारीक केबलची मुख्य लांबी जास्तीत जास्त १०० मीटर, प्रत्येक फांदी ६ मीटरपर्यंत आणि सगळ्या फांद्या मिळून ७८ मीटर. जाळ्याला वीज एकाच ठिकाणाहून द्या, आणि तीही फ्यूजमधून.

हेडिंग पीजीएन (संदेशाचा क्रमांक) १२७२५० मधून येतं आणि त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला दहा वेळाच असतो. व्हेरिएशन (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक) पीजीएन १२७२५८ मधून आणि वळण्याचा वेग १२७२५१ मधून. प्लॉटरच्या उपकरणांच्या यादीत पायलट दिसला म्हणजे काम झालं असं नाही. ‘हेडिंगचा स्रोत’ वेगळा निवडावा लागतो. बोटीवर सॅटेलाइट कंपास किंवा दुसरं होकायंत्रही असेल, तर प्रत्येक उपकरण आपापल्या मर्जीने कोणतंही उचलतं. रडार एका आकड्यावर आणि नकाशा दुसऱ्या आकड्यावर असं झालं की दोन्ही थर कधीच जुळत नाहीत. स्रोत आपोआप निवडण्याची सोय बंद करा आणि सगळ्या पडद्यांवर एकच स्रोत लावा.

गेटवे (दोन पद्धतींमधला दुभाषा) वापरून ०१८३ आणि २००० जोडत असाल, तर हेडिंग एकाच दिशेने जाऊ द्या. दोन्ही दिशा उघड्या राहिल्या तर पायलटने पाठवलेलं हेडिंग फिरून काही क्षणांनी त्याच्याकडेच ‘नवं हेडिंग’ म्हणून परत येतं. पायलटने ते स्रोत म्हणून धरलं, तर तो आपल्याच शिळ्या आकड्यामागे सुकाणू फिरवत राहतो आणि बोट नागमोडी चालते. गेटवेच्या फिल्टरमध्ये पायलटच्या इनपुटकडे जाणारी एचडीजी, एचडीएम आणि एचडीटी बंद करा.

कोणती उत्तर

एचडीएम म्हणजे चुंबकीय हेडिंग. एचडीटी म्हणजे खऱ्या उत्तरेपासूनचं. एचडीजीमध्ये होकायंत्राचा आकडा, डेव्हिएशन आणि व्हेरिएशन असं तिन्ही येऊ शकतं. व्हेरिएशन म्हणजे त्या जागी चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती अंश सरकलेली आहे ते. पायलटला जीपीएसकडून व्हेरिएशन मिळत नसेल, तर एचडीजीमधली ती जागा रिकामी जाते. मग प्लॉटर स्वतःच्या तक्त्यातून ती भरतो, आणि ते चालतं. गडबड होते ती दोघांनी व्हेरिएशन लावल्यावर. रडारचं चित्र सगळीकडे एकाच बाजूला, ठरावीक अंशांनी फिरलेलं दिसलं आणि तो फरक त्या भागातल्या व्हेरिएशनएवढाच किंवा त्याच्या दुप्पट निघाला, तर होकायंत्राला हात लावू नका. मेनूत ‘चुंबकीय की खरी’ आणि ‘व्हेरिएशन आपोआप की हाताने’ या दोन ओळी तपासा.

क्लास ए, म्हणजे मोठ्या जहाजांच्या, एआयएसला खऱ्या उत्तरेचं हेडिंग, म्हणजे एचडीटी लागतं. ते मिळालं नाही तर एआयएस हेडिंगच्या जागी ५११ हा आकडा पाठवतो, म्हणजे ‘उपलब्ध नाही’. मग दुसऱ्यांच्या पडद्यावर आपल्या चिन्हाची नाळ कुठे रोखलीय ते दिसत नाही. पायलट फक्त चुंबकीय हेडिंग देत असेल, तर एचडीटी प्लॉटरकडून काढता येतं, कारण व्हेरिएशन त्याच्याकडे असतं. मात्र प्लॉटर ते सेकंदाला किती वेळा पाठवतो ते पाहा.

जोडल्यावर काय तपासायचं

पायलट स्टँडबायवर ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या, लाल टोक ए-वर आणि काळं बी-वर. ओळ गप्प असताना ए हा बी-पेक्षा खाली असतो, म्हणून आकडा उणे दिसतो, उणे दोन ते उणे पाचच्या आसपास. वाक्यं जाऊ लागली की तो शून्याकडे सरकतो आणि थरथरतो. गप्प ओळीवर आकडा अधिक आला, तर ए-बी उलटे पडलेत. अगदी शून्यावर स्थिर राहिला, तर आउटपुट बंद आहे, वायर तुटलीय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

मीटरने समाधान झालं नाही तर लॅपटॉप लावा. यूएसबी ते आरएस-४२२ कन्व्हर्टर घ्या, तोही आयसोलेशन असलेला. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये ४८०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या स्वच्छ ओळी दिसल्या की दहा सेकंद मोजून हेडिंगच्या ओळी मोजा, शंभरच्या जवळपास हव्यात. अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हांचा सडा पडत असेल, तर वायरी उलट्या आहेत किंवा बॉड चुकलाय. दोन्ही उलटसुलट करून पाहा, ए-बी उलटल्याने काही जळत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: बॅटरीवर चालणारा लॅपटॉप चालेल, पण चार्जर किनाऱ्याच्या विजेला लावलेला नको. ग्राउंडची एक नवी वाट तयार होते आणि तपासणीचा निकाल फसवा ठरतो.

मग बोट शांत पाण्यात बाहेर काढा. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी होकायंत्राचं डेव्हिएशन, मग होकायंत्राचा स्थिर फरक, आणि सगळ्यात शेवटी रडारची हेडिंग-रेषा. डेव्हिएशनसाठी वारा आणि लाट नसताना, दोन नॉटच्या आत, संथ गोल फेऱ्या मारा, एका फेरीला दोन मिनिटांहून कमी वेळ नको. फेऱ्या किती, ते पायलटची पुस्तिका सांगते. काही पायलट शेवटी उरलेलं डेव्हिएशन दाखवतात. ते पंधरा अंशांच्या वर गेलं, तर आकड्यांची खटपट सोडा आणि होकायंत्राची जागा बदला. स्पीकर, नांगर, साखळी, इंजिन, वायपरची मोटार, कप्प्यात विसरलेली हत्यारं, सगळ्यांपासून निदान एक मीटर लांब. एकेक उपकरण चालू-बंद करून हेडिंग हलतं का तेही पाहा. नुसता दिवा लावल्यावर दोन-तीन अंश सरकले, तर त्या दिव्याच्या अधिक-उणे वायरी सुट्या धावतायत, त्यांना पीळ द्या.

आता रडार. सरळ जात असताना नाळेच्या अगदी समोर येणारी एखादी ठळक वस्तू, एकटा बोया किंवा धक्क्याचं टोक, डोळ्याने धरा आणि ती पडद्यावर हेडिंग-रेषेवर येईपर्यंत रडारचा फरक भरा. ही दुरुस्ती अँटेना किंचित तिरकी बसली असेल त्यासाठी आहे. होकायंत्राची चूक इथे लपवली, तर रडारचं चित्र एका दिशेला जुळतं आणि बोट उलटी फिरवली की पुन्हा फाटतं. म्हणून तपासणी चारही दिशांना करा. फरक सगळीकडे सारखा असेल, तर तो स्थिर फरक आहे. दिशेगणिक बदलत असेल, तर डेव्हिएशन नीट निघालेलं नाही.

नंतर उद्भवणारे दोष

हेडिंग अधूनमधून गायब होतं, तेही पंप जोरात चालतो तेव्हाच: पायलटच्या पुरवठ्याचं व्होल्टेज खाली बसतंय. पंप चालू असताना डब्याच्या टर्मिनलवरच मोजा, बॅटरीवर नको. एचएफ रेडिओवर बोललं की हेडिंग उडतं आणि सुकाणू झटका देतं: डेटाच्या आणि होकायंत्राच्या केबलींवर फेराइट (रेडिओचा गोंगाट अडवणारी कडी) चढवा, अँटेनाची वाट दूर न्या आणि तोवर प्रसारण करताना सुकाणू हातात घ्या. हेडिंग येतं पण उशिरा येतं आणि वळण संपल्यावरही आकडा सरकत राहतो: पायलटमध्ये किंवा प्लॉटरमध्ये हेडिंगचं डॅम्पिंग (आकड्याची थरथर कमी करणारी सेटिंग) वाढवलेलं असतं. पडद्यावरचा आकडा शांत दिसतो, पण रडारला तो मागे ओढतो, म्हणून कमीत कमी ठेवा.

पायलटचा ब्रेकर बंद केला की हेडिंगही जातं आणि त्याबरोबर रडारची लक्ष्यं आणि नकाशावरचा थर. पायलट लागत नाही म्हणून एखाद्याने तो बंद केला, तर धुक्यात ऐनवेळी रडार हेडिंगचा अलार्म देतं आणि कारण पटकन सापडत नाही. काही पायलटना मोटारीचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पुरवठा वेगळा असतो. तसं असेल तर दोन्हींना वेगळे ब्रेकर द्या आणि इलेक्ट्रॉनिक्सचा ब्रेकर रडारच्या शेजारी ठेवा. नसेल, तर पॅनेलवर पायलटच्या ब्रेकरखाली ‘रडारचं हेडिंग इथूनच’ अशी पट्टी चिकटवा. टर्मिनल ब्लॉकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणती वायर कुठून कुठे जाते, कोणतं वाक्य, किती बॉड आणि कोणत्या उपकरणात कोणता स्रोत लावलाय ते पक्क्या शाईने लिहून ठेवा.